आधी आमंत्रण की आधी पाळणा

सरबोग, २ डिसेंबर २०२३

बुरुलचा विहीणबाई, सलाम.

मला नात झाली, आणि ते कळलं कसं? फोनवर. "आई, मुलगी झाली, सगळं ठीक आहे," एवढं बोलून मवलुदाने फोन ठेवला. माझ्या लेकीचं 'सगळं ठीक' मी चांगलं ओळखून आहे. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला होता तेव्हाही ती हेच म्हणत होती. म्हणून खरं काय ते तुम्हाला विचारतेय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, कारखान्यातल्या त्या डबे बंद करायच्या यंत्राने तुमचे कान खाल्ले. आणि मी ओरडून बोलले तर आमची गल्ली ऐकते. सीमेपलीकडे कोण फोन करतं याची आजकाल चौकशी होते इथे.

म्हणून दावरोनच्या ट्रकमधून पत्र. माझ्या गच्चीवरून तुमच्या मशिदीचा मिनार दिसतो, आणि माझं पत्र उझबेकांच्या देशातून वळसा घालून तुमच्याकडे येणार. आमचं ताजिकिस्तान, तुमचं किर्गिझस्तान, दोघांनीही फाटकाला कुलूप ठोकलंय आणि किल्ली कोणाकडे आहे ते दोघांनाही सांगता येत नाही. काय म्हणायचं या कारभाराला!

आता पाळण्याचं. पहिल्या बाळाचा पाळणा आईच्या आईने न्यायचा, हे तुमच्यातही आहे, आमच्यातही आहे. मी सुताराला सांगितलंय. जर्दाळूचं लाकूड आहे, बागेत एक फांदी वाळली होती तिचं. पण आत्ताच सांगून ठेवते, मी बोलावल्याशिवाय यायची नाही. विहिणीने नान घेऊन स्वतः दारात यावं आणि 'चला' म्हणावं, मग पाळणा उचलायचा. लग्नाच्या वेळी तुम्ही धाकट्या दिराला धाडलं होतं, तेव्हा मी काही बोलले नाही. विसरलेही नाही.

सोबत सुक्या जर्दाळूंची पेटी पाठवतेय, आपल्याच बागेतले. मवलुदाला रात्री भिजवून सकाळी द्या.

तुमची विहीण,
मुकर्रमा


कोक-बुलाक, १९ जानेवारी २०२४

मुकर्रमा विहीणबाई,

वा! नात माझ्या मांडीवर, सून माझ्या घरी, मुलगा रशियात विटा वाहतोय, आणि मान मात्र तुमचा व्हायचा! मुलाची आई मी. मी तुमच्या दारात नान घेऊन उभी राहू? बघा, वाट बघा.

नातीचं नाव बेगिमाय ठेवलंय. नाक तुमच्यावर गेलंय, पण अजून लहान आहे, सुधारेल. मवलुदाची तब्येत बरी आहे. उन्हाच्या खोलीत ठेवलंय दोघींना, भिंतींना नवा रंग दिलाय, शेगडी दिवसभर पेटलेली असते. सीमेवरच्या त्या सप्टेंबरच्या लढाईत आमचे थोडे पत्रे उडाले होते तेही बसवून घेतलेत. तेव्हा काळजी करू नका. बाळ कशात निजतं असं विचारू नका, मस्त निजतं. पण पाळणा तो पाळणाच, तो हवाच आहे. शेजारच्या झिपारची सून रोज विचारते, "आजीकडून आला का?" आणि मी रोज दावरोनच्या ट्रकवर बिल फाडते.

जर्दाळू गोड आहेत हो. आधी तुमची बाग इतके गोड देत नव्हती.

आमच्या म्हाताऱ्याला काय झालंय कळत नाही. सातिबाल्दी एवढ्या थंडीत पाईप खांद्यावर टाकून दिवसभर डोंगराच्या घळीत असतो. विचारलं तर म्हणतो, "बघशील." साठी उलटली की पुरुष असे 'बघशील'वर येतात.

बुरुलचा


सरबोग, ११ फेब्रुवारी २०२४

विहीणबाई,

हे काय चालवलंय तुम्ही लोकांनी? खरं सांगा!

तुमच्या घळीत पांढरं पांढरं काहीतरी उभं राहतंय. आधी तंबूएवढं होतं, मग खोलीएवढं झालं, आता आमच्या शाळेपेक्षा उंच आहे. मास्तर म्हणाला, रडार आहे. ऐनुद्दीनचा भाऊ म्हणाला, रडार कसलं, तोफ आहे आणि तिच्यावर चादर टाकलीय. आणि ऐनुद्दीन, माझा नवरा, कसा आहे तुम्हाला माहीतच आहे, कोणी 'आग' म्हटलं की हा बादली शोधायच्या आधी शेजाऱ्याला सांगायला पळतो. गेला ठाण्यावर. कमांडर आला, दुर्बीण लावून बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "वस्तू ओळखता येत नाही." मग दुर्बीण कशाला दिलीय सरकारने, डोळ्यांची शोभा वाढवायला?

आम्ही दोन रात्री बटाट्यांच्या तळघरात काढल्या. हसू नका. वीज येते घटकाभर, तेवढ्यात टीव्ही लावावा तर इकडे लढाई, तिकडे लढाई, कुठल्या कुठल्या शहरांची नावं, आणि शेवटी एक बाई हसत हसत हवामान सांगते. मला ती सगळी शहरं आपल्या गावासारखीच दिसायला लागलीत.

तुम्हा मंडळींना वाटत असेल की ही ताजिक बाई आपल्यावर संशय घेते. माझा संशय कोणावरच नाही, किंवा सगळ्यांवरच आहे. माझी पोर आणि पोरीची पोर त्या बाजूला, मी या बाजूला. गोळी कुठूनही सुटू दे, लागणार ती मलाच.

ते पांढरं काय आहे ते लगेच कळवा.

मुकर्रमा


कोक-बुलाक, ३ मार्च २०२४

अहो, बर्फ आहे तो! बर्फ!

देवा, काय या बाईला सांगू! सातिबाल्दीने वरच्या झऱ्याचं पाणी पाईपाने घळीत आणलं आणि थंडीत उंचावरून फवारत बसला. पडता पडता पाणी गोठतं आणि ढीग वाढतो. मेमध्ये मेंढरांना प्यायला थेंब नसतो, तेव्हा हा वितळेल असा त्याचा हिशोब. घळ उत्तरेला तोंड करून आहे, ऊन लागत नाही, म्हणून तिथेच. यात रडार कुठून आलं?

मी लग्न होऊन आले तेव्हा हिमनदी गावाच्या डोक्यावर होती. सासूबाई अंगणातून बोट दाखवून सांगायच्या, तो बघ पांढरा पदर. आता तो पदर बघायला घोड्यावरून दिवसभर जावं लागतं. टीव्हीवर सुटाबुटातली माणसं हिमनद्या वाचवायच्या सभा भरवतात, प्रत्येकाच्या पुढे प्लास्टिकची बाटली, एकमेकांना टाळ्या. आमच्या म्हाताऱ्याला कोणी टाळी देत नाही. त्याला सर्दी झाली, आणि तुम्ही त्याला तोफ म्हणालात.

तुमच्या कमांडरने दुर्बीण लावली हे आमच्या कमांडरला कळलं. लगेच दोन शिपाई चौकशीला. कोणाची परवानगी, कशासाठी, धातू आहे का? बर्फाभोवती फेऱ्या मारल्या. शेवटी एकाने चाटून बघितलं आणि लिहून घेतलं.

तळघराचं वाचून मी हसले नाही. आम्हीही बसलो होतो तळघरात, त्या सप्टेंबरमध्ये. मवलुदा तेव्हा नवी नवरी होती. वर धडाधड चाललेलं आणि ती मला म्हणाली, "सासूबाई, सगळं ठीक आहे." तेव्हा मला कळलं तुम्ही तिच्या त्या बोलण्याला का घाबरता.

पाळणा कुठे आहे?

बुरुलचा


सरबोग, २० मे २०२४

विहीणबाई,

तुमचं रडार वितळलं!

परवा पहाटे ऐनुद्दीन धावत आला, "पाणी, पाणी!" तुमच्या घळीचा उतार आमच्याच पाटाकडे आहे हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. दोन उन्हाळे कोरडा पडलेला पाट खळखळतोय. ठाण्यावर तक्रार करायला पहिला गेलेला माझा नवरा आता पाटाच्या काठावर बसून सातिबाल्दीला दुवा देतो. माणसाला लाज नसते, विहीणबाई.

एप्रिलमध्ये ऐन फुलोऱ्यावर दव गोठलं आणि गावभर फुलं काळी पडली. आधी फेब्रुवारीत ऊन तापवायचं, झाडांना फसवून फुलवायचं आणि मग असं मारायचं, हे अलीकडे दरवर्षीचं झालंय. पण आमच्या बागेला पाणी वेळेवर पोचलं. झाडं तरारलीत. तुम्ही काळजी करू नका.

पाळणा तयार आहे. इतका देखणा झालाय की गल्ली बघून जाते. दावरोन न्यायला तयार नाही. म्हणतो, मावशी, फळ नेतो, लाकूड नेलं तर प्रत्येक नाक्यावर मला उतरवून विचारतील हे झाड कोणत्या देशाचं. आहे का उत्तर!

पाळणा घेऊन यायला मी तयार आहे. रीत माहीत आहे ना? नान, आणि तुम्ही स्वतः.

मुकर्रमा


कोक-बुलाक, ८ जुलै २०२४

मुकर्रमा विहीणबाई,

तुमच्यामुळे माझं अख्ख्या गावाशी वाजलं आहे. हे पत्र म्हणजे बिल समजा.

आमच्या लोकांना कळलं की सातिबाल्दीच्या बर्फाचं पाणी खाली तुमच्याकडे चाललंय. झालं! झिपारचा नवरा फावडी घेऊन निघाला. "आपला बर्फ, आपला पाईप, आणि जर्दाळू त्यांचे? ज्यांनी आपल्यावर गोळ्या झाडल्या त्यांचे?" घळीला बांध घालायचा ठरवलं. बर्फ उभा करायला माझ्या म्हाताऱ्याला सगळं जमतं, तोंड उघडायला जमत नाही.

मग मी बेगिमायला पाठीशी बांधली आणि जाऊन बसले घळीत, फावड्यांसमोर. म्हटलं, खाली गोळ्या झाडणाऱ्यांची बाग नाही, माझ्या नातीच्या आजीची बाग आहे. मेंढरांची टाकी भरून घ्या आणि उरलेलं जाऊ द्या. झिपार म्हणाली, "ताजिक सून आणलीस, आता पाणीही तिकडेच ओत." मी काय उत्तर दिलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. मला नीट ऐकू येत नाही याचा भांडणात फार फायदा होतो, समोरचा दमतो.

शेवटी माझ्या म्हणण्याप्रमाणे झालं. पण झिपारने दूध बंद केलंय आणि बायका विहिरीवर माझ्याशी बोलत नाहीत. होऊ दे. तुमची झाडं जगली ना? मग झालं. मवलुदा तिच्या झाडांची नावं सांगते, एकाला म्हणे ती 'मामा' म्हणायची. तो मामा कसा आहे ते कळवा.

नात रांगते आहे. पाळणा आणा, नाहीतर ती चालत येऊन घेऊन जाईल.

बुरुलचा


सरबोग, २९ नोव्हेंबर २०२४

विहीणबाई,

उत्तराला उशीर झाला. तुम्ही माझ्यासाठी गावाशी भांडलात हे वाचलं आणि मला लिहायला सुचेना. पाच महिने कागद समोर घेऊन बसायचे आणि उठायचे. असो. बाग उत्तम आहे. मामाही उत्तम आहे. जर्दाळू पाठवलेत.

सीमेची बोलणी चालू आहेत म्हणे. सकाळच्या बातम्यांत ठरलं, दुपारी अडलं, संध्याकाळी पुन्हा ऐतिहासिक. रेघ आखायला नकाशेवाले आले होते. ऐनुद्दीनने विचारलं, आमच्या पाटाचं काय? त्यांतला एक म्हणाला, पाट नकाशावर नाही. मी म्हटलं, मग तुमच्या नकाशाला तहान लागत नसेल.

नात वर्षाची झाली आणि पाळणा माझ्या ओसरीवर. काल ऐनुद्दीनने त्यात कांदे ठेवले. मी इतकी ओरडले की मला दम लागला. मग मीच रडत बसले. चिडून रडले, दुसरं काही नाही.

हट्ट नाही, पण आता मागेही जाता येत नाही. एकदा म्हणाले ते म्हणाले. तुम्ही या, मी निघते.

मुकर्रमा


कोक-बुलाक, १४ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई,

मीही एकदा म्हणाले ते म्हणाले. आधी पाळणा. मी यायची नाही, यायची नाही, यायची नाही.

बेगिमाय चालते. तुमच्यासारखी, पाय आपटत.

बुरुलचा


कोक-बुलाक, २७ मार्च २०२५

बुरुलचा,

हे पत्र दावरोनला द्यायचं नाही. तुझ्याच घरी, तुझ्याच चहाच्या डब्याखाली ठेवून जाणार आहे. 'तुम्ही' म्हणायची ताकद आज माझ्यात नाही. कारखान्यात एका बाकावर बसायचो तेव्हा 'तू'च होतीस.

सह्या झाल्या, फाटक उघडलं, आणि मी माझा मान चुलीत घातला. म्हटलं, जाऊ दे, कोणी बोलावू दे की न बोलावू दे. पाळणा घेतला आणि सकाळीच रांगेत उभी राहिले. शिपाई म्हणतो, लाकडाला कागद हवा. मी म्हटलं, बाळा, तुझ्या आईने तुला कागदात निजवलं होतं का? सोडलं त्याने. जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची रांग, मधे पत्र्याची भिंत. पलीकडे एक मूल केवढं रडत होतं! मी मोठ्याने म्हणाले, कोणाचं कार्टं आहे, जरा गप्प करा! आणि आता सातिबाल्दी सांगतो की ते कार्टं माझंच होतं. तू मवलुदाला आणि नातीला घेऊन, नान घेऊन मला बोलवायला निघाली होतीस. 'यायची नाही' असं तीनदा लिहिणाऱ्या बाईवर मी विश्वास कसा ठेवला?

चार वर्षांनी लेकीच्या घरी आले, आणि लेक माझ्या घरी. फाटक पाचला बंद झालं. मवलुदा फोनवर हसते की रडते तेच कळेना. म्हणते, "आई, सगळं ठीक आहे." आता हे वाक्य पुन्हा कोणी बोललं तर मी थोबाडीत मारेन.

कारण मी घर बघितलं. 'उन्हाची खोली', 'नवा रंग'! बुरुलचा, इथे घरच नाही. चार काळ्या भिंती आहेत, आणि त्यांच्या शेजारी एक लोखंडी डबा, त्यात तुम्ही चौघं राहता. सातिबाल्दीला विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, लढाईत जळलं, आणि रेघ ठरेपर्यंत या पट्ट्यात बांधायची परवानगी नव्हती. थोडे पत्रे उडाले म्हणे! आणि तिकडून आमच्या बाजूने झाडलेल्या गोळ्यांबद्दल मला एक शब्द बोलली नाहीस. उलट माझ्या बागेसाठी भांडलीस. मला इतका राग आलाय तुझा की काय सांगू.

पाळणा ठेवायला जागा शोधत होते, तर कोपऱ्यात एक फळांची पेटी दिसली. आत गादी शिवलेली, कडेला मण्यांची माळ. मी पाठवलेली पहिली पेटी. म्हातारा म्हणाला, "पहिले सहा महिने यातच निजायची. बुरुलचा तिला सांगायची, आजीकडून आलेला पाळणा आहे हा." त्यावर मी पेटीशेजारी बसले ते अजून उठले नाही. खरा पाळणा बाहेर उभा आहे, आणि त्याच्यात आता तिचे पाय मावणार नाहीत.

नान सातिबाल्दीने मला दिलं, तुझ्या फडक्यातलं, उरलेलं. ते मी आमंत्रण समजले आहे.

तू आता माझ्या बागेत गेलीच असशील. जे बघशील त्याबद्दल मला काही विचारू नकोस.

मुकर्रमा


सरबोग, २७ मार्च २०२५

मुकर्रमा,

का नको विचारू? विचारणारच! तुझी बाग कुठे आहे? हे पत्र तुझ्या नानच्या फडक्यात गुंडाळून ठेवते, वाच आणि लाज वाटून घे.

फाटकावर पलीकडे कोणीतरी बाई शिपायाशी तंडत होती. मवलुदा म्हणाली, आवाज ओळखीचा वाटतो. मी म्हटलं, तुला प्रत्येक भांडणारी बाई आईच वाटते, चल पुढे. मला काय ऐकू येणार! आता तुझ्या अंगणात बसून कपाळ बडवते आहे.

मवलुदा मुलीला घेऊन आधी मागेच पळाली, "चल, मामा दाखवते." आणि तिथेच थांबली. नुसते खुंट. एका ओळीत, थेट भिंतीपर्यंत. ऐनुद्दीन सांगत नव्हता, मी त्याला सोडलं नाही. मागच्या मागच्या उन्हाळ्यातच वाळली सगळी, सरपणाला गेली. शेवटचं होतं ते मामाचं. त्याचा पाळणा केलास. 'एक फांदी वाळली होती' म्हणे! आणि मला पाठवलेले गोड जर्दाळू बाजारातले. तरीच!

मुकर्रमा, मी अख्खा उन्हाळा गावाचं तोंड चुकवलं, मुलीला फावड्यांसमोर घेऊन बसले, दूध गमावलं. कशासाठी? खुंटांना पाणी पाजायला! तू तेव्हाच लिहिलं असतंस तर? मग मी विचार केला की तू लिहिलं असतंस तर मी घळीत बसले नसते का. बसले असते. पाणी ऐनुद्दीनच्या भावाच्या शेतात गेलं, शाळेच्या टाकीत गेलं, गेलं तिथे कोणीतरी प्यालंच. पण तरीही माझा राग जात नाही. तो तू येऊन घालव.

रडत बसायला मला वेळ नव्हता. ऐनुद्दीनला घेऊन दुपारी बाजारात गेले आणि जर्दाळूची रोपं आणली. कोवळी आहेत, माझ्या कमरेइतकी. मवलुदाने खड्डे खणले, बेगिमायने माती सगळीकडे टाकली, थोडी खड्ड्यातही टाकली. भिंतीजवळच्या रोपाला तिने 'मामा' म्हटलं, कोणी शिकवलं नव्हतं. बहुतेक आईचं ऐकलं असेल.

उद्या सकाळी तू तिथून हलू नकोस. शपथ आहे. मी दोघींना घेऊन पहिल्या गाडीने येते, आणि तू पुन्हा फाटकाकडे निघालीस तर मी तुला विहीण म्हणणार नाही. लोखंडी डब्याबद्दल काही बोलायचं नाही, आता रेघ ठरली आहे, आम्ही घर बांधू. मावत नसेल तर नसू दे, मी बेगिमायला घटकाभर तरी त्या पाळण्यात बसवणार, झिपारच्या सुनेने बघितलं पाहिजे.

आणि सातिबाल्दीला सांग, येत्या थंडीत ढीग दुप्पट करायचा. दर मेमध्ये रोपांना पाणी पोचायला हवं. नाही पोचलं तर मी पुन्हा घळीत जाऊन बसेन, आणि या वेळी तू माझ्या शेजारी बसायचंस.

बुरुलचा